रात्रपाळी, दिवसाची झोप आणि दर पाऊण तासाला लघवी : अजून कोणाला हा त्रास आहे का?

रातकिडा (पहाटे ३:१४)

विषय अवघड आहे, पण इथे कोणी तोंड बघत नाही म्हणून लिहितो.

वय ४३. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये असतो. आधी पाळ्या फिरत्या होत्या. गेली दोन वर्षं कायम रात्रपाळी, रात्री ९ ते सकाळी ७, आठवड्याला पाच रात्री. त्याआधी लघवी या विषयावर मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता, आता दुसरा विचारच नसतो. रात्री दोननंतर दर पाऊण तासाला उठावं लागतं. उठताना इतकी घाई की दारापर्यंत पोचतो की नाही अशी शंका, आणि पोचल्यावर चार चमचे! घरी येऊन नऊला आडवा झालो की साडेदहाला जाग, बाराला जाग, पावणेदोनला जाग. त्यानंतर झोप लागली तर लागली.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "रात्री किती वेळा उठता लघवीला?" मी म्हणालो, "एकदाही नाही." त्यांनी कागदावर शून्य लिहिलं. खोटं कुठे बोललो? रात्री मी झोपतच नाही, तर उठणार कुठून. जिना उतरताना लक्षात आलं की आपण काय घोळ घालून आलो. लघवीची तपासणी, साखर, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" म्हणाले.

तर हे रात्रपाळीमुळे होतं का? कोणाची पाळी सुटल्यावर त्रासही सुटला का? दिवसपाळी मागावी का, या विचारात आहे. भत्ता जाईल.

घुबडराव (पहाटे ३:२१)

+१. सध्या तिथूनच टाइप करतोय.

खडूस (सकाळी ८:०५)

धाग्यात सगळं लिहिलंत, चहा किती पिता तेवढं शिताफीने गाळलंत.

रातकिडा (सकाळी ८:३०)

पकडलंत. रात्रभरात सात कप. शेवटचा साडेपाचला, नाहीतर घरी गाडी चालवताना डुलकी लागते. वर दोन बाटल्या पाणी. "जागं राहायचं तर पाणी पीत राहा" असं आमच्या सुपरवायझरने सांगितलंय.

खडूस (सकाळी ८:४१)

झालं मग. धागा बंद करा. :)

वॉर्ड_नंबर_नऊ (सकाळी ९:१०)

इतक्यात बंद नका करू, माझी कथा बरोबर उलटी आहे.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, महिन्याला आठ-दहा रात्री. तुम्हाला दर पाऊण तासाला जावं लागतं, मला दहा तासांत एकदा जायला मिळालं तर ती चांगली रात्र. दोन पेशंट व्हेंटिलेटरवर असताना "जरा जाऊन येते" म्हणायचं तरी कोणाला? सुरुवातीला जीव जायचा. मग सवय झाली, आणि मग कळ यायचीच बंद झाली. सोपा उपाय म्हणून आम्ही सगळ्याच पाणी पीत नाही. रात्री अकराला एक घोट, मग थेट सकाळी. पेशंटच्या पिशवीत तासाला किती लघवी जमली ते मिलीलीटरमध्ये लिहून ठेवणाऱ्या आम्ही. स्वतःची शेवटची कधी झाली ते आठवत नाही.

परिणाम : एका वर्षात दोनदा युरिन इन्फेक्शन. दुसऱ्या वेळी थंडी वाजून ताप आला आणि पाठीत एका बाजूला इतकं दुखलं की स्वतःच्याच हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागलं. तेव्हा आमची वरिष्ठ ताई म्हणाली, "आता तरी प्यायला लाग." प्यायला लागते गं, पण जाऊ कधी?

करंगळी (सकाळी ९:४८)

शाळेत बाई करंगळी वर केली की सोडायच्या तरी. नोकरीत ती पण सोय नाही.

मूत्रमार्गी (दुपारी १:२०)

हो, टोपणनाव व्यवसायावरूनच घेतलंय. युरॉलॉजिस्ट आहे. इथे कोणाला औषध सांगणार नाही, पण दोन-चार गोष्टी स्पष्ट करतो.

रातकिडा, तुमचा घोळ खरं तर आमच्या प्रश्नाचा घोळ आहे. झोपेतून लघवीला उठावं लागणं म्हणजे नॉक्टुरिया. आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटी (लघवीवरच्या ताब्याच्या तक्रारींवर काम करणारी संस्था) हिची व्याख्या घड्याळातल्या रात्रीबद्दल बोलत नाही, 'मुख्य झोपेच्या काळा'बद्दल बोलते. तुमची मुख्य झोप सकाळी नऊला सुरू होते, म्हणजे तुमची रात्र तीच. पण प्रोस्टेटसाठी (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) जगभर जी सात प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, तिच्यातला सातवा प्रश्न बघा : रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यापासून सकाळी उठेपर्यंत किती वेळा उठलात? रात्रपाळीचा माणूस शून्य सांगून मोकळा होतो आणि ३५ पैकी त्याचे गुण (गुण जास्त म्हणजे त्रास जास्त) उगाच कमी भरतात.

आता शरीराचं. मेंदूतल्या घड्याळाच्या तालावर व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं. ते रात्री वाढतं आणि मूत्रपिंडं कमी, दाट लघवी तयार करतात. म्हणून सात तास सलग झोपता येतं. पेशींतलं असं घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. शिवाय मूत्राशयाच्या भिंतीलाही स्वतःचं घड्याळ असतं. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवर दाखवलं की मूत्राशयातल्या कनेक्सिन-४३ या प्रथिनाचं प्रमाण दिवस-रात्रीनुसार बदलतं. जागेपणी ते जास्त असतं आणि मूत्राशय हळवं असतं, विश्रांतीच्या वेळी ते उतरतं आणि त्याच पिशवीत जास्त मावतं. रात्रपाळीत मेंदूचं घड्याळ पूर्ण उलटत नाही, अर्धवट सरकतं. सुट्टीच्या दिवशी आपणच ते पुन्हा मागे ओढतो. मग तुम्ही झोपलेले असता आणि मूत्रपिंडं दिवसपाळी करत असतात.

पण खडूस यांचा चहाही खोटा नाही. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. साडेपाचच्या कपातलं अर्धं कॅफिन साडेदहाला तुमच्या रक्तात असतं, आणि तुमची पहिली जागही साडेदहाचीच आहे.

खडूस (दुपारी १:४४)

डॉक्टरांनी माझी बाजू घेतली, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

पण गंभीरपणे विचारतो, हे 'रात्रपाळीमुळे' खरंच सिद्ध झालंय का? ४३ वय आहे. चाळिशीनंतर बऱ्याच जणांचं होतं असं. सगळ्याचं खापर शिफ्टवर फोडायची फॅशन आहे हल्ली.

मूत्रमार्गी (दुपारी २:१५)

रास्त प्रश्न. युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजीच्या २०२१ च्या परिषदेत रोमच्या संशोधकांनी १३६ कर्मचाऱ्यांची पाहणी मांडली होती, त्यात ६६ रात्रपाळीचे. घाई आणि वारंवारतेच्या प्रश्नावलीत रात्रपाळीवाल्यांचे गुण सरासरी ३१, बाकीच्यांचे १९. जीवनमानाचे आकडेही त्यांचेच वाईट. पण पाहणी लहान आहे, आणि एकदाच विचारून केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. त्या रात्रपाळीवाल्यांचे कामाचे तासही जास्त होते. त्यामुळे 'संबंध दिसतो' इथपर्यंत मी येतो, 'कारण सिद्ध झालं' इथपर्यंत नाही.

खडूस (दुपारी २:१९)

एवढं मान्य.

दाराआडची (दुपारी ३:०२)

माझे मिस्टर रात्रपाळीला आहेत, अठरा वर्षं झाली. ते इथे कधीच लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते.

आमच्या घरात सकाळी दहा ते तीन कोणी मोठ्याने बोलत नाही. बेल काढून टाकलीय. कुकर नऊच्या आत उरकते. इतकं करून मी स्वयंपाकघरात बसलेली असते आणि कडी वाजते, मग फ्लश, मग परत कडी. तासाभराने पुन्हा तेच. मी मोजायचे नाही म्हणते आणि मोजते. चौथ्या कडीनंतर ते बाहेरच येऊन बसतात आणि त्यांच्याशी तेव्हा कोणी बोलायचं नसतं.

चिडचिड मी शिफ्टची समजत होते. मग एकेक लक्षात यायला लागलं. नाटकाला कडेचीच खुर्ची. लांबचा बसप्रवास बंद. कोणाकडे गेलो की आधी आत नजर, संडास कुठे आहे. मित्रांबरोबरची सहल तीनदा रद्द केली, कारण विचारलं तर "कामावर माणसं कमी आहेत". शेवटी मुलाने विचारलं, "बाबा, तुम्हाला लाज वाटते का?" तेव्हा कुठे हो म्हणाले. जीवनमान का काय म्हणता, ते आमच्याकडे असं मोजलं जातं.

वॉर्ड_नंबर_नऊ (दुपारी ३:३०)

दाराआडची ताई, कडीचं वाचून गलबललं.

मूत्रमार्गी (दुपारी ३:५१)

त्या सात प्रश्नांच्या प्रश्नावलीला आठवा प्रश्नही असतो, त्याचे गुण वेगळे धरतात : 'लघवीचा त्रास आत्ता आहे तसाच उरलेलं आयुष्य राहिला, तर तुम्हाला कसं वाटेल?' खूप आनंद होईल याला शून्य, भयंकर वाटेल याला सहा. सातही उत्तरं सौम्य देणारे लोक आठव्याला पाच-सहा देतात. मी पेपर उलटा वाचतो, आधी आठवा.

चौकीवर_एकटा (सायंकाळी ७:४०)

मी सिक्युरिटीत. गेटवर रात्री एकच माणूस. टॉयलेट आतल्या बिल्डिंगमध्ये, जाऊन-येऊन दहा मिनिटं. गेट सोडलं आणि तेवढ्यात साहेबांची गाडी आली तर मेमो. दोन मेमो झालेत. त्यामुळे गेटमागे एक बाटली असते. एवढंच लिहितो.

सिग्नल_लाल (रात्री ८:१२)

बाटली हा पर्याय ज्यांना आहे त्यांनी देवाचे आभार माना.

आमच्याकडे कॉल फ्लोअरवर रात्रीत दोन ब्रेक, ते सॉफ्टवेअर मोजतं. मध्येच उठलं की स्क्रीनवर नावासमोर लाल पट्टी येते आणि मिनिटं वाढत जातात, सगळ्या टीमला दिसेल अशी. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला शिंकलं तरी थेंब जातो. त्यात घाई. सर्वांत वाईट क्षण घरी पोचल्यावरचा असतो : रस्ताभर काही नसतं, कुलपात किल्ली घातली रे घातली की अशी कळ येते की किल्ली फिरेपर्यंत काही खरं नाही. मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय.

मूत्रमार्गी (रात्री ८:४०)

डोकं फिरलेलं नाही. किल्ली, वाहत्या नळाचा आवाज, बाथरूमचं दार या खुणांशी मेंदूने घाईची गाठ मारलेली असते. गाठ सोडवता येते. कळ आली की धावायचं नाही. जागच्या जागी थांबा किंवा बसा, लघवी रोखायला जे स्नायू आवळतो ते पाच-सहा वेळा पटपट आवळून सोडा, शंभरपासून सात-सात वजा करत उलटे आकडे मोजा. लाट ओसरते. ओसरल्यावर चालत जा. धावत गेलं की लाट आणखी चढते.

शिंकताना जाणाऱ्या थेंबाचं कारण वेगळं, पण स्नायू तेच. अरनॉल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले. तीन महिने रोज केल्याशिवाय 'फरक नाही' म्हणू नये. आणि व्यायाम म्हणून लघवी करता करता मध्येच धार रोखू नका, ती पद्धत चुकीची आहे. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, बऱ्याच जणी चुकून पोट आवळतात.

सिग्नल_लाल (रात्री ८:५५)

शंभरातून सात वजा करताना त्र्याण्णवनंतर मी अडकते, तेवढ्यात कळ खरंच जाते. आत्ताच करून बघितलं.

करंगळी (रात्री ९:०३)

गणिताच्या भीतीने लघवी थांबते हे मला चौथीपासून माहीत आहे.

शब्दकिडा (रात्री ९:२०)

अवांतर : 'लघुशंका' हा शब्द ज्याने काढला तो रात्रपाळीचा नसणार. इथे शंका कायमची आहे, लघु काय ते फक्त प्रमाण.

घुबडराव (रात्री ११:५८)

आणि 'नैसर्गिक विधी' म्हणतात त्यात आमचं काही नैसर्गिक राहिलेलं नाही.

जुना_निशाचर (सकाळी ६:१०)

वय ६६. अठ्ठावीस वर्षं रात्री काढल्या, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मूळ प्रश्नाला उत्तर देतो : शिफ्ट सुटली म्हणून माझं सुटलं नाही.

निवृत्तीनंतर रात्री झोपायला लागलो, तरी चार वेळा उठायचो. वय बघून सगळ्यांनी प्रोस्टेट ठरवलं. गोळी सुरू झाली, धार सुधारली, उठणं तेवढंच. दोन वर्षं असंच. शेवटी बायको वैतागून म्हणाली की तुम्ही घोरता घोरता मध्येच श्वास थांबवता आणि मग दचकून उठून बाथरूमला जाता. तिने मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवलं. झोपेची तपासणी झाली, स्लीप ॲप्निया निघाला. मास्कचं यंत्र लावायला लागल्यापासून एकदा उठतो, कधी तेही नाही. कामावर असतानाही दिवसा असाच झोपायचो, पण तेव्हा बायको जागी आणि कामात, ऐकणार कोण? अठ्ठावीस वर्षं माझं घोरणं कोणी ऐकलंच नाही.

मूत्रमार्गी (सकाळी ७:३०)

काका, तुमचा प्रतिसाद प्रत्येक रात्रपाळीवाल्याने वाचावा. श्वास अडला की छातीतला दाब बदलतो, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, आणि ते मूत्रपिंडांना 'काढा बाहेर' असा हार्मोनचा निरोप धाडतं. म्हणून यात प्रत्येक वेळी लघवी भरपूर होते, चमचाभर नाही.

रातकिडा, इथेच तुमचं कोडं सुटेल. किती *वेळा* यापेक्षा किती *मिली* ते सांगा. मापाचा मग घ्या. तीन दिवस, सलग असायची गरज नाही, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा. वेळ, मिली, काय प्यायलात, घाई होती का. आणि कधी झोपलात, कधी उठलात.

एकच_गोळी (सकाळी १०:२५)

माझाही पोपट सांगून टाकतो. ब्लड प्रेशरसाठी गोळी सुरू झाली, त्यात लघवी वाढवणारं औषध होतं. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं : सकाळी १. मी आज्ञाधारक. सकाळी साडेसातला घरी, गोळी घेतली, झोपलो. पुढचे दोन महिने झोपेत दर तासाला उठलो. शेवटी औषधाच्या दुकानातल्या मुलाने सहज विचारलं, "काका, सकाळी घेतल्यावर कामावर जाता ना?" तेव्हा ट्यूब पेटली. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वेळ बदलून दुपारी उठल्यावरची केली. दोन दिवसांत फरक.

चिठ्ठीवरची 'सकाळ' ही कोणाची सकाळ, हे विचारायला हवं होतं.

वॉर्ड_नंबर_नऊ (सकाळी १०:४०)

अगदी! आम्हीसुद्धा पेशंटला 'सकाळी-दुपारी-रात्री' सांगतो, 'तुम्ही झोपता कधी' विचारत नाही. मात्र स्वतःच्या मनाने गोळीची वेळ कोणी बदलू नका. यांनी विचारून बदलली, तेच बरोबर.

मोजे_खूण (दुपारी १२:१५)

मी दहा तास उभं राहून काम करते, पॅकिंग लाइनवर. सकाळी मोजा काढला की घोट्याच्या वर बोट बुडेल एवढी वळी. आणि आडवी झाले की पहिल्या दोन तासांत तीनदा जावं लागतं, दर वेळी भरपूर. याचा काही संबंध?

मूत्रमार्गी (दुपारी १:०५)

थेट संबंध. दिवसभर (तुमच्या बाबतीत रात्रभर) पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवीवाटे निघतं. झोपण्याआधी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडा, म्हणजे ते पाणी जागेपणीच निघून जाईल. कामावर घट्ट मोजे चालतील का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. सूज नवी असेल, वाढत असेल किंवा जिना चढताना दम लागत असेल, तर आधी हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्या.

मिठाकडेही बघा. रात्री तीनला खाऊच्या मशीनमधून निघणारं सगळं खारटच असतं. नागासाकी विद्यापीठाच्या एका अभ्यासात ज्यांनी मीठ दिवसाला सरासरी १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, त्यांचं रात्रीचं उठणं २.३ वरून १.४ वर आलं.

एक इशारा लिहायचा राहिला होता. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण अडणं, खूप तहान आणि वजन उतरणं यांपैकी काहीही असेल तर धागा वाचत बसू नका. सर्दीच्या काही गोळ्यांनीही प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते, तेही ध्यानात ठेवा.

रातकिडा (पहाटे ४:०२, नऊ दिवसांनी)

मोजलं! बाथरूममध्ये मग ठेवल्यावर घरच्यांनी जे तोंड केलं ते सोडून देतो. कामावर मग पिशवीत लपवून न्यावा लागला.

कामाच्या दिवसाचे आकडे, वजन ७८ किलो. चोवीस तासांत एकूण ३१०० मिली. त्यात पाळीवर १६५०, अकरा वेळा. झोपेतून तीनदा उठलो : १३०, ९०, ८०. म्हणजे ३०० मिली. दुपारी उठल्यावर २१०. मग रात्री नऊपर्यंत ९४०.

मला वाटत होतं झोपेत बादलीभर होते. सकाळी साडेदहाला अर्धवट डोळ्यांनी मग उजेडात धरला आणि तळाशी १३० मिली बघून स्वतःचाच राग आला. यासाठी उठलो?

मूत्रमार्गी (सकाळी ८:१५)

झकास. एक दुरुस्ती : उठल्यावरची पहिली लघवीही झोपेतच तयार झालेली असते, म्हणून ती धरायची. ३०० अधिक २१०, म्हणजे ५१०. एकूणाच्या साधारण १६ टक्के. तरुणांत २० टक्क्यांच्या वर आणि पासष्टीपुढे ३३ टक्क्यांच्या वर गेलं तर झोपेत लघवी जास्त बनते असं म्हणतो. तुमची बनत नाही. एकूण मात्र काठावर आहे. किलोला ४० मिलीच्या वर गेलं तर जास्त, तुमच्यासाठी ती रेघ ३१२०.

मोठ्या माणसाचं मूत्राशय ४०० मिलीच्या आसपास आरामात धरतं. ८० मिलीने गाढ झोपलेला माणूस उठत नाही. तुम्हाला लघवी उठवत नाहीये. तुम्ही आधीच जागे होताय, उजेडाने, आवाजाने, कॅफिनने, आणि जाग आली की 'आलोच आहोत तर' म्हणून जाताय. आता मूत्राशयाला तीच सवय झाली आहे. तुमचा पहिला इलाज खोलीच्या खिडकीवर आहे. काळे पडदे, कानात बोळे, फोन बाहेर. पाळीवर चहा अर्ध्यावर, शेवटचा एकच्या आत, पाणी तहानेपुरतं. आणि दोन जाण्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवा. पाऊणाचा एक तास, एकाचा सव्वा.

खडूस (सकाळी ८:२२)

चहा एकच्या आत, आणि साडेसातला गाडी चालवताना डुलकी लागली तर? लघवी वाचवून माणूस घालवायचा का?

मूत्रमार्गी (सकाळी ८:५०)

बरोबर पकडलंत, हे लिहायला हवं होतं. डोळ्यावर झोप असेल तर गाडी चालवूच नका. निघण्याआधी तिथेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा, किंवा कोणाबरोबर या. लघवी त्यापुढे बिनमहत्त्वाची.

वॉर्ड_नंबर_नऊ (सकाळी ९:३०)

आणि कृपा करून 'अंतर वाढवा' हा सल्ला आमच्यासारख्या दाबून धरणाऱ्यांनी घेऊ नका! मला उलटं शिकावं लागलं. आता आम्ही चौघी जोडीजोडीने ठरवून घेतो : दर तीन तासांनी एक जण दुसरीचे पेशंट बघते, कळ असो वा नसो, जायचं. पहिल्या आठवड्यात ओशाळं वाटलं. इन्चार्ज ताईंनी विचारलं, "हे काय नवीन?" म्हटलं, पेशंटचं तासाला मोजतो, आमचं तीन तासांनी तरी मोजू द्या. तेव्हापासून इन्फेक्शन झालेलं नाही, लाकडाला हात लावते.

चौकीवर_एकटा (रात्री १०:३१)

जोडी करायला दुसरा माणूस लागतो ताई.

वॉर्ड_नंबर_नऊ (रात्री १०:४४)

खरंय दादा. याला माझ्याकडे उत्तर नाही.

दाराआडची (सकाळी ११:१५)

मिस्टरांना धागा वाचायला दिला. काही बोलले नाहीत. काल मापाचा मग घेऊन आले.

रातकिडा (पहाटे २:५०, दोन महिन्यांनी)

अपडेट देतो, नाहीतर धागाकर्ते पळून जातात अशी ख्याती आहे.

चहा तीनवर. शेवटचा एकला जमत नाही, दोनला होतो. पाळीवर आता दीड तास निघतो. कळ आली की पॅनेलसमोर बसून सातची वजाबाकी करतो, शेजारचा विचारतो कसलं रीडिंग घेतोयस. झोपेत तीनाचं एकवर आलं, कधी दोन. पूर्ण गेलेलं नाही. मध्ये दहा दिवस रजा होती, रात्री झोपलो. पहिले चार दिवस रात्री दोन वाजता बरोब्बर जाग, जणू तिकडे पॅनेलवर अलार्म वाजलाय. पाचव्या दिवसापासून एकदाच. म्हणजे शिफ्टचा हात आहेच, सगळा नसेल.

दिवसपाळीचा अर्ज लिहून ठेवलाय. दिलेला नाही. भत्त्याचं गणित सातच्या वजाबाकीपेक्षा अवघड आहे.

आणि हो, त्याच डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. या वेळी तीन दिवसांचा कागद पुढे केला आणि म्हटलं, मी सकाळी नऊला झोपतो, *झोपेतून* उठतो ते विचारा. त्यांनी जुनं पान काढलं. शून्य खोडलं नाही, शेजारी बारीक अक्षरात 'दिवसा ३' असं लिहिलं आणि मला विचारलं, "हे असे अजून किती जण शून्य सांगून गेले असतील हो?"

घुबडराव (पहाटे २:५३)

किमान एक. मी तेव्हाही तिथेच होतो, आत्ताही तिथेच आहे.

नवा_गडी (पहाटे ३:३०)

सगळा धागा वाचला. माझी पाळी दर आठवड्याला बदलते. डायरी कुठल्या आठवड्यात भरायची?

मूत्रमार्गी (सकाळी ७:१०)

दोन्ही. रात्रपाळीच्या आठवड्यातले दोन दिवस, दिवसपाळीतले दोन. तारखेनुसार पान बदलू नका. झोपून उठलात की नवीन पान.